ॲप म्हणतं मुलगी चौथीत आहे; आता काय करायचं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत, सेमी इंग्रजीला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गणिताचं पुस्तक इंग्रजी. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. जवळच्या एका क्लासमध्ये टॅबवर 40 मिनिटांची चाचणी घेतली आणि निकाल आला: "गणित, पातळी चौथी". क्लासवाले म्हणतात, हे ॲडॅप्टिव्ह आहे, प्रत्येक मुलाला त्याच्या त्याच्या वेगानं शिकवतं, सगळं छोट्या छोट्या मॉड्यूलमध्ये आहे, वर्षाचे पैसे एकदम भरा, नाहीतर हप्ते लावून देतो. मुलगी दोन दिवस रडतेय. हे खरंच शिकवतं का, आणि पैसे भरावेत का?

ताई, पैशाचं नंतर बोलू. आधी आज रात्री मुलीला जवळ घ्या आणि सांगा की तू चौथीत गेलेली नाहीस. त्या निकालाचा अर्थ एवढाच आहे की चाचणीत जिथं ती अडकली, त्यातल्या काही गोष्टी शाळेत चौथीच्या आसपास शिकवतात. बाकीच्या कितीतरी गोष्टी तिला आठवीच्या येत असतील. सगळ्याचं मिळून एकच आकडा काढला की असा घोळ होतो. मी 22 वर्षं या कामात आहे. आधी शाळेत गणित शिकवलं, मग काही वर्षं अशाच एका सॉफ्टवेअरसाठी प्रश्न लिहिले, आणि आता इथंच संध्याकाळची अभ्यासिका चालवते, तिथं मुलं या टॅबवर बसतात. म्हणून सांगते, मुलाच्या हातात "पातळी चौथी" असा कागद देणं चूक आहे. तो निकाल शिकवणाऱ्यासाठी असतो.

आता हे चालतं कसं, ते समजून घ्या, म्हणजे क्लासवाल्यांना काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

अशा सॉफ्टवेअरमध्ये गणिताचे शेकडो बारीक तुकडे केलेले असतात: दोन अंकी वजाबाकी, हातच्याची वजाबाकी, समान छेद, असमान छेद, असं करत वरपर्यंत. कोणता तुकडा येण्याआधी कोणता यायला हवा, याचा एक नकाशा असतो. मूल प्रश्न सोडवत जातं तसा प्रत्येक तुकड्यासमोरचा आकडा हलत राहतो: हे या मुलाला येत असण्याची शक्यता किती. या हिशेबाची एक जुनी रीत अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉर्बेट आणि अँडरसन यांनी 1990 च्या दशकात मांडली, आणि आजही पुष्कळ ठिकाणी तिचीच कुठली तरी सुधारलेली आवृत्ती वापरतात.

हिशेब करूनच दाखवते. समजा, सुरुवातीला धरलं की तुमच्या मुलीला दशांश अपूर्णांक येत असण्याची शक्यता 50 टक्के. येत असूनही घाईत चुकण्याची शक्यता धरली 10 टक्के, आणि येत नसताना चार पर्यायांतून अंदाजानं बरोबर खूण होण्याची 25 टक्के. पहिलं उत्तर बरोबर आलं की 50 चे 78 होतात. दुसरंही बरोबर आलं की 93, तिसऱ्याला 98. बऱ्याच ठिकाणी 95 ला रेघ मारलेली असते, म्हणजे तीन बरोबर उत्तरांत "येतं" असं ठरून मूल पुढं जातं. पण पहिलंच उत्तर चुकलं, तर 50 वरून थेट 12! त्यानंतरचं बरोबर आलं तरी 32 च. (मधल्या वेळात मूल थोडं शिकतं तो भाग मी सोडलाय, ढाचा हाच.) आता विचार करा, 40 मिनिटांत तीसेक प्रश्न, ते दहा-बारा विषयांवर पसरलेले, म्हणजे एका विषयाला दोन-तीन प्रश्न. एकदा बोट चुकीच्या जागी पडलं की अख्खा विषय खाली जातो. म्हणून पहिल्या चाचणीचा निकाल हा सुरुवातीचा अंदाज असतो. दोन-तीन आठवडे रोज वापरल्यावर तो बराचसा खरा होत जातो.

आणि तरीही मला ही साधनं मोलाची वाटतात. कारण सांगते.

4.63 आणि 4.8 यांतली मोठी संख्या कोणती, असं विचारलं की पुष्कळ मुलं 4.63 म्हणतात. त्यांच्या डोक्यात 63 हे 8 पेक्षा मोठे. वर्गात 50-60 मुलं असताना बाई "चूक" म्हणून पुढं जातात. पण याच मुलांना 4.63 आणि 4.2 विचारा, उत्तर बरोबर येतं, आणि कारण तेच चुकीचं: 63 हे 2 पेक्षा मोठे. शिवाय एक वेगळा गट असतो, त्यातली मुलं नेहमी कमी आकड्यांची संख्या मोठी म्हणतात, कारण "दशांशापेक्षा शतांश बारीक" एवढंच त्यांनी धरून ठेवलेलं असतं. ती 4.8 बरोबर सांगतात आणि 4.2 वर आपटतात. दोन्ही मुलांना वहीत सारखेच गुण. चूक मात्र एकमेकांच्या उलट, आणि शिकवायचंही उलट दिशेनं. अशा जोड्या मुद्दाम निवडून एकामागून एक विचारणं, आणि उत्तरांच्या ठेवणीवरून हे मूल पहिल्या गटातलं की दुसऱ्या, हे ओळखणं चांगल्या सॉफ्टवेअरला पाच मिनिटांत जमतं. मला 22 वर्षांच्या सवयीनंतरही एका वेळी एकाच मुलाचं जमतं. तुमच्या घरात माग माहीत आहे. ताण्यातली एक तार तुटली आणि ती न जोडता माग तसाच चालू ठेवला, तर टॉवेलभर चीर पडत जाते. आठवीच्या "चलन" या प्रकरणात जी मुलगी अडकते, तिची तार बहुतेक वेळा पाचवी-सहावीच्या अपूर्णांकात तुटलेली असते. नेमकी कुठं तुटली हे सापडणं हेच अर्धं काम, आणि ते काम ही यंत्रं खरोखर चांगलं करतात.

जोडायचं काम मात्र माणसाचं. इथं मी ठाम आहे.

आमच्या अभ्यासिकेतलीच गोष्ट आहे. तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या पातळीचे प्रश्न आवाजात यायचे: "त्रेसष्ट लिहा". एक मुलगी, तुमच्यासारखीच घरी तेलुगू बोलणारी, सारखी 36 लिहायची. सॉफ्टवेअरनं ठरवलं, हिला स्थानिक किंमत येत नाही, आणि तीन आठवडे तिला दशक-एकक, दशक-एकक यातच फिरवत ठेवलं. एका संध्याकाळी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. कागदावर 63 लिहून विचारलं, यात दशक किती? "सहा," ती चटकन म्हणाली. वाच म्हटलं, तर तेलुगूत वाचलं: अरवै मूडु. साठ, तीन. तेलुगूत दशक आधी येतो, मराठीत "त्रे" आधी आणि "सष्ट" मागून. ती ऐकेल त्या क्रमानं लिहीत होती. स्थानिक किंमत तिला पक्की येत होती. अडचण मराठी संख्यानामांची होती. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "साठ तीन" अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मराठी घरातल्यांना ते विचित्र वाटलं असेल, पण आपल्या पूर्व भागातल्या वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही त्यामागची अडचण माहीत आहे. सॉफ्टवेअरला "भाषेची चूक" असा कप्पाच दिलेला नव्हता, म्हणून प्रत्येक चूक त्यानं गणिताच्या कप्प्यात टाकली. त्या तीन आठवड्यांत त्या मुलीनं आपण ढ आहोत असं ठरवून टाकलं होतं. मी आधीच उठून शेजारी बसायला हवं होतं, हे मला अजूनही लागून राहिलंय.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा: चाचणी कोणत्या भाषेत घेतली? इंग्रजीत असेल, तर तीच मराठीत पुन्हा घ्यायला लावा. सेमी इंग्रजीच्या मुलांना चिन्हांची गणितं इंग्रजीत चालतात, शाब्दिक उदाहरणं आली की गाडी अडते. मराठीत घेतल्यावर पातळी वर गेली, तर तिला गणिताआधी वाचनाची मदत हवी आहे.

दुसरं, घरीच करून बघण्यासारखं. तिला विचारा: हजार विड्यांना जी मजुरी मिळते, तीत आज सातशेच झाल्या तर किती मिळतील? ती तोंडी सांगेल, मला जवळजवळ खात्री आहे. मग तेच कागदावर गुणोत्तर म्हणून मांडून द्या. तिथं थांबली, तर कळेल की डोक्यातलं गणित शाबूत आहे, कागदाशी त्याचा सांधा जुळलेला नाही. हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर अभ्यास केला, तो 2025 मध्ये "नेचर" या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. धंद्यातले अवघड हिशेब झटपट करणारी मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडखळत होती, आणि शाळेत हुशार असलेली मुलं बाजारातल्या हिशेबात. टॅबला तुमच्या ओट्यावरचा हिशेब दिसत नाही. तो सांधा शिकवणाऱ्यानं जुळवायचा असतो.

"हे खरंच शिकवतं का" याचं उत्तर आपल्या देशातल्याच एका अभ्यासात चांगलं मिळतं. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरची शाळेनंतरची केंद्रं होती. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन या तिघा संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलांना तिथं मोफत प्रवेश दिला, बाकीच्यांशी तुलना केली, आणि 2019 मध्ये निष्कर्ष छापले. साडेचार महिन्यांत गणितात इतका फरक पडला की शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल साधारण 64 व्या जागी जाईल. मागं असलेल्या मुलांना फायदा इतरांइतकाच झाला, आणि शाळेत त्यांच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी तो मोठा. पण या अभ्यासातल्या तीन गोष्टी क्लासवाले सांगत नाहीत. एक, सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागं होती आणि पुढं अंतर वाढतच गेलं होतं. म्हणजे तुमची मुलगी एकटी नाही, हे तिला जरूर सांगा. दोन, रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, आणि त्यातला निम्मा वेळ पडद्यासमोर, निम्मा वेळ लहान गटात शिक्षकाजवळ. नुसता टॅब नव्हता. तीन, शाळेच्या गणिताच्या परीक्षेत गुण फारसे वाढले नाहीत, कारण मुलं पाचवीचं नीट शिकत होती आणि पेपर आठवीचा येत होता. तेव्हा सहामाहीत लगेच गुण उडी मारतील अशी आशा धरू नका, आणि तिलाही धरायला लावू नका. सहा महिन्यांनी "बैजिक राशींचे अवयव" काढताना तिला गुणाकाराची भीती वाटेनाशी झाली, तर तो खरा फरक.

मॉड्यूलबद्दल थोडंसंच. तुकडे छोटे असणं चांगलं: 15 मिनिटांत एक गोष्ट पुरी होते, मुलाला काहीतरी हातात आल्यासारखं वाटतं, आणि जे येतं ते वगळून पुढं जाता येतं. पण तुकडे वेगवेगळे विकत घ्यायला लावत असतील तर थांबा. एका कंपनीच्या माणसानं मला आठवीचे मॉड्यूल वेगळे आणि "खालच्या इयत्तांचं पॅकेज" वेगळं असा भाव सांगितला होता. तुमच्या मुलीला नेमकं मागं जायचंय! मागं जायला कुलूप असेल, तर त्याला ॲडॅप्टिव्ह म्हणण्यात अर्थ नाही.

क्लासमध्ये "तुमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे, म्हणून तिला सगळं व्हिडिओतून" असं कुणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका. मुलांना बघून शिकणारी, ऐकून शिकणारी अशा गटांत वाटून त्यानुसार शिकवल्यानं जास्त शिकतात, याला नीट पुरावा नाही. मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून हे स्पष्ट लिहिलं आहे. भूमिती सगळ्यांनाच बघून कळते, पाढे सगळ्यांनाच म्हणून पाठ होतात.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा उल्लेख करायलाच हवा, कारण ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातून गाजली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ, सराव फुकट मिळतो. एवढं लक्षात ठेवा की तो सगळ्यांना एकच व्हिडिओ दाखवतो. तुमची मुलगी कुठं अडकली हे तो विचारत नाही. अडकलेली जागा आधी सापडली, की मग पाचवी-सहावीच्या पुस्तकातले तेच कोड फार कामाला येतात, आणि पैसा लागत नाही.

आता पैशाचं. वर्षाचे एकदम भरू नका. महिन्याचं बोला. हप्ता म्हणतात तो पुष्कळदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास आवडला नाही म्हणून बंद केला तरी बँक हप्ता कापत राहते. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर 2021 मध्ये पालकांना नेमका हाच इशारा दिला होता: आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका, कर्जाचा कागद न वाचता सही करू नका. ओटीपी तर कुणालाच सांगू नका. आणि मुलीचं नाव, शाळा, फोटो, उत्तरं हे सगळं त्यांच्याकडे साठतं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती घ्यावी असं ठरलं आहे. काय साठवता आणि सोडल्यावर पुसता का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पैसे भरण्याआधी क्लासमध्ये एक संध्याकाळ अर्धा तास नुसतं मागं उभं राहून बघा. मुलं टॅबवर असताना शिकवणारी व्यक्ती काय करते? गल्ल्यावर बसून फोन बघत असेल तर परत या. फिरून वह्या बघत असेल, एखाद्याजवळ खाली बसून "हे कसं केलंस सांग" म्हणत असेल, तर तिथं घालायला हरकत नाही. मुलांच्या बोटांकडेही लक्ष द्या. "मदत" हे बटण तीन-चारदा दाबलं की शेवटी उत्तरच समोर येतं, हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं. मग न वाचता मदत, मदत, मदत, उत्तर, पुढे. आमच्याकडे मी एकच नियम केला आणि फार फरक पडला: पडद्यावर उत्तर देण्याआधी वहीत मांडायचं. वही कोरी तर टॅब बंद.

घरात फोन एकच असेल आणि तो वडिलांबरोबर कारखान्यात जात असेल, तर नेटशिवाय चालणारं, एकदा उतरवून घेता येणारं काहीतरी बघा, आणि रोजची एकच ठरलेली वेळ धरा, अर्धा तास पुरे. दोन तास रविवारी एकदम केल्यानं सोमवारी काही उरत नाही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरणं पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त होतं. अधूनमधून पुन्हा विचारत राहिलं की ते टिकतं. चांगलं सॉफ्टवेअर जुने तुकडे असे मुद्दाम परत आणतं. "हे तर झालं होतं की" म्हणून ती चिडेल. चिडू दे, सोडवू दे.

क्लासकडून आणखी एक मागून घ्या: निकालाचं सविस्तर पान. पातळीचा आकडा नको, प्रत्येक तुकड्यासमोर बरोबर किती, चूक किती, आणि चुकलेला प्रश्न कोणता, एवढं. ते देत नसतील तर पुढचं बोलणं थांबवा. दिलं, तर ते आणि तिची सातवीची गणिताची वही घेऊन एका रविवारी सकाळी या. तिलाही आणा. तिघी मिळून बसू, ती सोडवेल, आपण बघू. तासाभरात कुठून सुरुवात करायची ते कळेल, आणि मग क्लास लावायचा की पाचवी-सहावीची पुस्तकं घेऊन घरीच करायचं, ते तिलाच विचारू.